कॅरिबियन बेटांची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियनबद्दल येणाऱ्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी दिसते. लोक फोटो पाहून बेट ठरवतात, हॉटेलचे पैसे भरून मोकळे होतात आणि मग व्हिसा नि विमानं शोधायला बसतात. कृपा करून हा क्रम उलटा करा. आधी वाट ठरवा, मग बेट. खालची उत्तरंही साधारण त्याच क्रमाने लावली आहेत. एकाच मुद्द्याची उजळणी नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅरिबियन म्हणजे नेमका कुठला देश? वेस्ट इंडीज म्हणजे तेच का?

कॅरिबियन हा एक देश नाही. कॅरिबियन समुद्राच्या कडेने पसरलेली शेकडो बेटं आहेत. त्यांतली काही स्वतंत्र देशांची, तर काही अजून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या ताब्यातली. क्युबा, जमैका, हिस्पॅनिओला (एकाच बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) आणि पोर्तो रिको ही मोठी बेटं उत्तरेला आहेत. पूर्वेला अँटिग्वा, डॉमिनिका, सेंट लुशिया, ग्रेनाडा अशा लहान बेटांची धनुष्यासारखी ओळ आहे. बार्बाडोस त्या ओळीच्या थोडं बाहेर, अटलांटिकच्या बाजूला पडतं. दक्षिणेला व्हेनेझुएलाला जवळजवळ टेकून त्रिनिदाद आणि पश्चिमेकडे अरूबा, बोनेर, कुरसाव.

वेस्ट इंडीज हा क्रिकेटचा संघ आहे, देश नव्हे. त्या संघातला गयाना तर बेटसुद्धा नाही, तो दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर आहे. संघ एक असला तरी व्हिसा, चलन, विमानतळ सगळं वेगवेगळं. जमैकाहून बार्बाडोस सरळ रेषेत सुमारे १९०० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून कोलकात्यापेक्षाही लांब. "तिकडे गेलोच आहोत तर जमैकाही करून येऊ" असं म्हणण्याआधी हे अंतर डोळ्यांसमोर आणा.

२. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय कुठे जाता येतं?

बार्बाडोस, त्रिनिदाद आणि टोबॅगो, जमैका, ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स या देशांत भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. क्युबासाठी ई-व्हिसा लागतो. पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स ही अमेरिकेचीच भूमी, तिथे अमेरिकेचाच व्हिसा हवा.

व्हिसा नको म्हणजे कागद नकोत असं मात्र नाही. परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पुरेसे पैसे असल्याचा पुरावा आणि किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट जवळ हवा. बऱ्याच बेटांवर उतरण्याआधी ऑनलाइन अर्जही भरावा लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः खात्री करा. एजंटने तोंडी दिलेल्या भरवशावर राहू नका.

३. माझ्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. मग सगळीकडे चालतं ना?

सगळीकडे नाही, पण बरीच दारं उघडतात. चालू मुदतीचा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा असेल तर डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वेगळा व्हिसा लागत नाही. अरूबा आणि कुरसावला अनेक वेळा प्रवेश देणारा अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेन व्हिसा पुरतो. अँटिग्वामध्ये अशा व्हिसाधारकांना पोचल्यावर शुल्क भरून व्हिसा मिळतो.

याहून मोठा फायदा वाटेत होतो. तो पुढच्या उत्तरात.

४. मुंबईहून थेट विमान आहे का? नसेल तर कुठून जावं?

थेट विमान नाही. दारापासून दारापर्यंत चोवीस तासांहून जास्त वेळ धरा. खरी अडचण वेळेची नसून मधल्या विमानतळाची आहे. बेटावर व्हिसा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि मुंबईच्या काउंटरवर त्यांना ट्रान्झिट व्हिसा विचारला जातो.

अमेरिकेमार्गे सर्वांत जास्त विमानं मिळतात. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. सामान घ्यायचं, इमिग्रेशन करायचं, पुन्हा तपासणीला उभं राहायचं. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवाच. तो नसेल तर हा मार्ग विसरा.

लंडनमार्गे बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुशिया, जमैका, ग्रेनाडा ही बेटं जोडलेली आहेत. लंडन ते बार्बाडोस साधारण नऊ तास. भारतीय पासपोर्टवर विमानतळाच्या आत राहूनही ट्रान्झिट व्हिसा लागतो; अमेरिका किंवा कॅनडासारख्या काही देशांचा चालू व्हिसा असेल तर अटींवर सूट मिळते. पण मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं आणि कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात, हे लक्षात ठेवा. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये बाहेर पडायचं, आणि त्याचा व्हिसा वेगळा. हीथ्रो ते गॅटविक रस्त्याने जायचं असेल तर दोन विमानांमध्ये पाच-सहा तासांचं अंतर ठेवा.

ॲमस्टरडॅमहून कुरसाव, अरूबा, बोनेर आणि सेंट मार्टेनला जाता येतं, कारण ती डच राज्याचा भाग आहेत. पॅरिसहून मार्टिनिक आणि ग्वादेलूप. इस्तंबूलहून हवाना आणि पनामा सिटी. पनामाहून पुढे बऱ्याच बेटांना विमानं आहेत. हा शेवटचा मार्ग अमेरिका-ब्रिटनचे व्हिसा नसलेल्यांना सोयीचा पडतो, पण त्याआधी प्रश्न १४ वाचा.

एक आग्रहाची सूचना. सगळी विमानं एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं काढून वाचवलेले पैसे पहिलं विमान उशिरा आलं की एका झटक्यात जातात, आणि दुसऱ्या कंपनीवर तुमची कसलीच जबाबदारी राहत नाही.

५. मुलांना मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा गेलं तर चालेल का? आणि दिवाळीत?

मे चांगला आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिकडचा कोरडा, गर्दीचा आणि महाग हंगाम. तो सरला की हॉटेलांचे दर उतरतात आणि मे महिन्यात पावसाला नुकती कुठे सुरुवात होत असते. आपल्याकडच्या मेसारखा काहिली करणारा उकाडा नसतो. ईशान्येचे व्यापारी वारे सतत वाहत असतात. फक्त पूर्वेच्या किनाऱ्यांवर समुद्री शेवाळ येऊ शकतं, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

दिवाळीची सुट्टी हरिकेनच्या (तिकडच्या चक्रीवादळांच्या) हंगामात पडते. तरी एक अपवाद आहे आणि तो आमच्या फार आवडीचा: त्रिनिदाद. तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते, गावोगाव बांबू वाकवून त्यांवर मातीचे दिवे लावतात आणि चाग्वानासजवळ दिवाळीच्या आधी दिवाळी नगर भरतं. वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्यामुळे धोकाही कमी. पाऊस मात्र पडणार.

६. हरिकेनची भीती वाटते. कधी आणि कुठे जाऊ नये?

अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्या दोन महिन्यांत उत्तरेकडची आणि मधली बेटं टाळावीत. अरूबा, बोनेर, कुरसाव आणि त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने तिथे धोका कमी. शून्य नाही: दक्षिणेकडचं म्हणून निर्धोक समजलं जाणारं ग्रेनाडा २००४ मध्ये आयव्हन वादळाने उद्ध्वस्त केलं, आणि १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ त्याच देशाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं. हंगामाच्या शेवटीही बेसावध राहू नये. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं वादळ जमैकावर आदळलं आणि बेटाच्या पश्चिम भागाची फार हानी झाली.

प्रवासविमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव मिळालं की त्या वादळासाठी नवा विमा मिळत नाही. ते आधीच माहीत असलेलं संकट धरलं जातं.

७. पहिल्यांदाच जातोय. कुठलं बेट निवडू?

भारतातून निघत असाल, सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर आमचं उत्तर बार्बाडोस. व्हिसा नाही, लंडनहून थेट विमान आहे, इंग्रजी बोलतात, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात आणि नळाचं पाणी पिता येतं. बेट साधारण ४३० चौरस किलोमीटरचं, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. सरकारी बस आणि खाजगी पांढऱ्या व्हॅनने सगळं फिरता येतं. पश्चिमेला तळ्यासारखा शांत समुद्र, पूर्वेला बॅथशीबाच्या लाटा आणि खडक, मध्ये हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजण्याचा बाजार भरतो. तो चुकवू नये.

डोंगर-जंगल आवडणाऱ्यांनी डॉमिनिका घ्यावं. जेमतेम ७५० चौरस किलोमीटरात ज्वालामुखी, धबधबे आणि उकळतं तळं. त्या तळ्यापर्यंतची पायवाट दमवणारी आहे, सह्याद्रीत नियमित चढणाऱ्यांनीच तिच्या वाटेला जावं. पांढऱ्या पुळणी हव्या असतील तर मात्र हे बेट तुमचं नाही.

नव्या जोडप्यांना सेंट लुशियाचे पिटॉन्स खुणावतात. समुद्रातून सरळ वर आलेले हे दोन सुळके आहेत, मोठा ७९८ मीटरचा, आणि २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे दोन विमानतळ आहेत. लांबून येणारी विमानं दक्षिणेला ह्यूएनोराला उतरतात, बेटाबेटांतली बरीच विमानं उत्तरेला कॅस्ट्रीजला. मधला घाटरस्ता दीड तासाचा. तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा.

ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. कोकणातल्या बागायतदाराने ग्वीयाव गावातलं जायफळाचं केंद्र पाहिलं तर दिवसभर तिथून हलणार नाही.

आणि त्रिनिदाद. पुळणींसाठी नव्हे, माणसांसाठी आणि खाण्यासाठी. त्यावर प्रश्न ११ आणि १२ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

८. दहा दिवसांत चार-पाच बेटं होतील का? मध्ये बोटी असतीलच ना?

होतील, पण तुम्ही विमानतळंच पाहाल. दहा दिवसांत दोन बेटं, फार तर तीन.

नकाशावर बेटं जवळ दिसतात म्हणून भाऊचा धक्का ते रेवस अशी लाँच मनात येते. तसं जाळं तिथे नाही. देश वेगळे, मधला समुद्र खोल आणि खवळलेला. बोटी आहेत त्या ठरावीक जागी: त्रिनिदाद ते टोबॅगो (साडेतीन-चार तास), सेंट किट्स ते नेव्हिस, सेंट व्हिन्सेंट ते बेकिया, आणि ग्वादेलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुशिया अशी एक ओळ. या ओळीत मार्टिनिक आणि ग्वादेलूप फ्रान्सचे प्रांत आहेत, तरी ते शेंगेनमध्ये येत नाहीत. साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असं धरू नका. फ्रेंच व्हिसा अर्जातच त्या बेटांचा उल्लेख करा.

बाकी सगळीकडे लहान विमानं. ती उशिरा सुटतात, कधी रद्दही होतात. आमचं एक विमान रद्द झालं आणि त्या रात्री लंडनला जाणारं मोठं विमान हुकलं; नवी तिकिटं सहलीच्या निम्म्या खर्चाला पडली. तेव्हापासून परतीच्या मोठ्या विमानाआधी एक पूर्ण दिवस त्याच बेटावर राहायचं, हा आमचा नियम आहे. तुम्हीही पाळा.

थोडे जास्त दिवस असतील आणि बारा रात्रींचा एक आराखडा हवा असेल तर: बार्बाडोस पाच रात्री, तिथून तासाभराच्या विमानाने पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदादमध्ये चार रात्री, टोबॅगोत तीन. दोन देश, कुठेच व्हिसा नाही आणि तीन बेटांचे तीन वेगळे स्वभाव.

९. हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर घ्यावं? फोटोत तर सगळे सारखेच दिसतात.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि सहल यावरच ठरते. वारा पूर्वेकडून येतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बेटाची पूर्व बाजू अटलांटिकच्या लाटांची आणि पश्चिम बाजू शांत. पोहायचं असेल, मुलं असतील, तर पश्चिम किंवा नैर्ऋत्य किनारा घ्या. पूर्व किनारा पाहायला सुंदर, पण तिथल्या ओढीत चांगले पोहणारेही अडकतात.

दुसरं कारण सारगॅसम. तपकिरी, तरंगणारं समुद्री शेवाळ. २०११ पासून ते मोठ्या प्रमाणात येऊ लागलं आहे, साधारण वसंत ते उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, आणि मुख्यतः पूर्वेच्या किनाऱ्यांवर साचतं. कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. दमा असलेल्यांनी अशा जागी राहू नये. हॉटेलला "आज किनाऱ्यावर सारगॅसम किती आहे" असं थेट विचारा आणि त्या दिवशीचा फोटो मागा.

१०. पैसे कुठले न्यावेत? खर्च किती येतो?

अमेरिकन डॉलर न्या, लहान नोटांमध्ये. अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स, सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट यांचं ईस्टर्न कॅरिबियन डॉलर हे एकच चलन आहे. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर बांधलेला आहे. बार्बाडोसचा डॉलर दोनास एक. बहामाजचा एकास एक. जमैका आणि त्रिनिदादचे वेगळे डॉलर, बोनेरला अमेरिकन डॉलर, मार्टिनिकला युरो.

म्हणून टॅक्सीत बसण्याआधी एकच विचारा: "कुठले डॉलर?" चाळीस डॉलर म्हणजे चाळीस अमेरिकन की चाळीस ईस्टर्न कॅरिबियन, यात पावणेतीन पटींचा फरक आहे. फसवणूक क्वचित होते, गैरसमज मात्र रोज. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आणि कर वेगळे चढतात, तेही आधी विचारून घ्या.

खर्चाचा एकच आकडा सांगता येत नाही, पण बहुतेक अन्न बाहेरून येतं म्हणून हॉटेलातलं खाणं महाग पडतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन बाजारातून भाजी-फळं आणली की कुटुंबाचा बराच खर्च वाचतो.

११. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

त्रिनिदादमध्ये तर मुळीच नाही. रस्त्यावर सकाळी मिळणारं "डबल्स" शाकाहारीच: हळद घातलेल्या दोन मऊ बऱ्यांमध्ये (तळलेल्या छोट्या पोळ्यांमध्ये) छोल्यांचा रस्सा, वर चिंच, काकडी आणि तिखट. विकणारा "पेपर?" विचारेल तेव्हा पहिल्या दिवशी "स्लाइट" म्हणा, कारण तिकडची मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. दालपुरी रोटी पुरणपोळीसारखी दिसते, पण आत भरडलेल्या डाळीचं तिखटमिठाचं सारण. टोमॅटो चोखा आणि बैगन चोखा म्हणजे आपली भरतं. भोपळ्याच्या तलकारीबरोबर रोटी खाल्ली की घरची आठवण येते.

बाकी बेटांवर थोडी ओळख लागते, आणि ती आपल्याला असतेच. त्रिनिदादचं कॅलालू म्हणजे अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध. अळूच्या फतफत्याचं भावंडच. त्यात खेकडा घालण्याची पद्धत आहे, म्हणून विचारून घ्या. जमैकात मात्र कॅलालू याच नावाने जी भाजी मिळते ती माठाच्या जातीची. ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस. १७९३ मध्ये ब्लाय नावाच्या कप्तानाने त्याची रोपं पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला आणली. नाताळात मिळणारं लाल सॉरेल सरबत अंबाडीच्या बोंडांचं. बार्बाडोसच्या "राइस अँड पीज"मध्ये तुरीचे दाणे असतात.

तो भात शिजवताना मात्र चवीला खारवलेलं डुकराचं मांस टाकतात. "नो मीट" म्हटलं तरी काहींना मासे आणि मटणाचा रस चालतो असं वाटतं. "मांस, मासे, कोंबडी, त्यांचं पाणीसुद्धा नको" असं सविस्तर सांगा. जमैकात आणि आसपास "आयटल" पाटी दिसली तर बिनधास्त आत जा. रास्ताफारी लोकांचा हा शाकाहार आहे. दूध-अंडीही नाहीत, मीठही बहुधा कमी किंवा नाहीच.

१२. त्रिनिदादमध्ये आपली माणसं आहेत म्हणतात. मराठी कोणी भेटेल का?

भारतीय वंशाची माणसं भरपूर आहेत. मराठी मुळाची फारशी नाहीत. ३० मे १८४५ ला फातेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करारावर ही माणसं नेली. ती प्रथा १९१७ पर्यंत चालली. बहुतेक जण आजच्या पूर्व उत्तर प्रदेश-बिहारमधले, थोडे मद्रासकडचे. भोजपुरी आता स्वयंपाकघरातल्या शब्दांत आणि लग्नाच्या गाण्यांत उरली आहे. बोलतात ते इंग्रजी. ३० मे हा तिथे सुट्टीचा दिवस असतो.

कारापिचायमाचं दत्तात्रेयाचं मंदिर पाहा. शेजारी हनुमानाची ८५ फुटांची मूर्ती आहे. जवळच वॉटरलूला समुद्रातलं मंदिर आहे. सेवदास साधू या मजुराने किनाऱ्यावर बांधलेलं देऊळ पाडलं गेलं, जमीन कंपनीची म्हणून. "जमीन तुमची, तर मी समुद्रात बांधतो," या जिद्दीने त्याने वर्षानुवर्षं दगड-माती वाहून पाण्यात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभं केलं. भरतीच्या वेळी जा. एखाद्या वाटाड्याची गरज नाही, नुसतं कठड्याशी उभं राहिलं तरी पुरतं.

भेटणाऱ्यांना "तुमचं मूळ गाव कुठलं?" असं विचारण्याची घाई करू नका. अनेकांना ते माहीत नसतं, आणि ते न कळण्याचं दुःख खरं असतं.

१३. बाबांना क्रिकेटची मैदानं पाहायची आहेत. कुठे जावं?

पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल आणि ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल. १९७१ मध्ये क्वीन्स पार्कवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला, सात गडी राखून. सुनील गावसकरांची ती पहिली कसोटी. त्या मालिकेत त्यांनी ७७४ धावा केल्या आणि गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. केन्सिंग्टनवर २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारने झेल घेतला ती सीमारेषा बाबांना दाखवा. सामना नसेल तर आत सोडतील की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

१४. पीतज्वराची लस खरंच लागते का?

त्रिनिदादला जाणार असाल तर हो, आणि ती तिकडच्यापेक्षा भारतात परतताना जास्त लागते. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवतात. भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे, आणि पनामाही आहे. पनामाला नुसतं विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पडला नाहीत तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या मान्यतेवर अवलंबून आहे. वाद घालत बसण्यापेक्षा लस घ्या.

लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत ठेवा. ते आता जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. लस घेता येत नसेल तर त्रिनिदाद सोडून बार्बाडोस घ्या.

१५. मुलगा क्रूझवर कामाला आहे. आम्हाला त्याच्या बोटीवर जाता येईल का?

कोकणातून आणि गोव्यातून हा प्रश्न नेहमी येतो. कॅरिबियनच्या बहुतेक क्रूझ मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनव्हेरलहून सुटतात आणि तिथेच परत येतात. म्हणजे तुम्हाला अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो, तोही अनेक वेळा प्रवेश देणारा, कारण बोट मध्ये दुसऱ्या देशांत जाऊन परत अमेरिकेत येते. मुलाचा सी-१/डी व्हिसा खलाशांचा असतो, त्यावर कुटुंबाला जाता येत नाही. त्याला स्वतःलाही सुट्टीत पर्यटक म्हणून तो चालत नाही. घरच्यांसाठीच्या सवलतीचे नियम त्याच्या कंपनीकडून लेखी मागवा.

बोट ज्या ज्या बंदरात थांबते तिथल्या प्रत्येक देशाचा व्हिसानियम आधी तपासा. आणि मुलगा कामावर असेल, दिवसाला दहा-अकरा तास. भेट जेवणाच्या सुट्टीएवढीच होईल, हे मनाशी धरून जा.

१६. आम्ही अमेरिकेत एच-१बी वर आहोत. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, पण आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू आहे. बहामाजला जाऊन परत येता येईल का?

नाही. आय-९४ च्या जोरावर संपलेल्या व्हिसाने तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एच-१बी वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना हीच सवलत क्युबा वगळता जवळच्या बेटांसाठीही मिळते. घरात एक एफ-१ आणि एक एच-१बी असेल तर दोघांचे नियम वेगळे. क्रूझनेही हा नियम बदलत नाही.

अशा वेळी पोर्तो रिको किंवा यूएस व्हर्जिन आयलंड्सला जा. तो अमेरिकेबाहेरचा प्रवास धरला जात नाही. सेंट थॉमसहून मुख्य भूमीकडे परतताना मात्र इमिग्रेशनची तपासणी होते, म्हणून पासपोर्ट आणि मंजुरीचे सगळे कागद सोबत ठेवा.

१७. आमचा ब्रिटिश पासपोर्ट आहे. क्युबा केलं तर पुढे काही अडतं का?

अडतं. १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला गेलेल्यांना अमेरिकेसाठी इस्टा (व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी) मिळत नाही. मुलाखत देऊन पूर्ण व्हिसा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना तसाही व्हिसा लागतो, म्हणून त्यांना हा फरक जाणवत नाही. दोघांनीही रोख रक्कम न्यावी, अमेरिकन बँकांची कार्डं क्युबात चालत नाहीत.

१८. सामानात काय नको?

सैनिकी नक्षीचे कपडे. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, अँटिग्वा अशा अनेक देशांत ते घालणं गुन्हा आहे, लहान मुलांची टोपी किंवा पिशवीसुद्धा. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन अरूबा, बोनेर आणि यूएस व्हर्जिन आयलंड्सवर बंद आहे, प्रवाळाला ते मारतं. जमैका, बार्बाडोस आणि त्रिनिदादला वीज ११०-११५ व्होल्टची, तिथे आपली किटली नि इस्त्री चालणार नाही. सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिकाला २३० व्होल्ट आणि ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग.

आणि किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेलं झाड दिसलं तर त्याच्या सावलीलाही उभं राहू नका, पावसात तर मुळीच नाही. ते मॅन्चिनील. चीक अंगावर पडला की फोड येतात, फळ तर जिवावर बेततं. बार्बाडोसला खोडावर लाल पट्टा ओढलेला असतो. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

१९. सुरक्षित आहे का?

हैतीला सध्या पर्यटक म्हणून जाऊ नये. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारीमुळे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली; निघण्याआधी ताजी स्थिती पाहा, अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यवस्तीत पायी फिरू नका, ओळखीच्या चालकाची गाडी ठरवा. बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिकाला नेहमीची सावधगिरी पुरते.

२०. वेळासची कासवं पाहिली आहेत. तिकडेही दिसतात का?

दिसतात, आणि ती पाहून बोलणं बंद होतं. वेळासला ऑलिव्ह रिडले येतात. त्रिनिदादच्या मातुरा आणि ग्रांद रिव्हिएरच्या पुळणींवर लेदरबॅक, दीड मीटरहून लांब, शेकडो किलोंची. हंगाम मार्च ते ऑगस्ट. परवाना आणि स्थानिक वाटाड्या सक्तीचा, बॅटरी नि फ्लॅश बंद. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक रात्र ग्रांद रिव्हिएरलाच राहावं.

२१. तिकीट "डॉमिनिका"चं काढलं आणि हॉटेल पुंता कानाचं. आता काय करू?

दोन्ही वेगळे देश आहेत. पुंता काना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये: स्पॅनिश भाषा, मोठ्या हॉटेलांच्या रांगा, आणि व्हिसाचा नियम प्रश्न ३ मध्ये दिला आहे. डॉमिनिका हे शेकडो किलोमीटर दूरचं, इंग्रजी बोलणारं डोंगराळ बेट. कुठल्या तिकिटाला किंवा खोलीला रद्द करण्याची मुभा आहे ते आजच पाहा आणि ते सोडा. दोन्ही जुळवण्यासाठी मधलं तिसरं विमान काढू नका. अशीच गफलत ग्रेनाडा आणि स्पेनमधल्या ग्रानादाची होते. पैसे भरण्याआधी विमानतळाची तीन अक्षरं वाचा: डॉमिनिकाचं डीओएम, पुंता कानाचं पीयूजे, ग्रेनाडाचं जीएनडी, ग्रानादाचं जीआरएक्स.